बंद करून पुन्हा प्रयत्न करा

सव्वापाच. वडगावात, गल्लीच्या तोंडाला,
सात बाय नऊच्या माझ्या दुकानात
स्क्रीनच्या मधोमध एक चौकट येऊन बसलीय:
‘हा प्रोग्राम वापरात आहे. बंद करून पुन्हा प्रयत्न करा.’

बंदच केलाय की हो.
तुमच्यादेखत फुली मारली, तवनाप्पा मामा.
मामा स्टुलावर जरा सरकतात, बोलत नाहीत.
त्यांना वास्तुशांतीची पत्रिका पाहिजे,
एका अंगाला कन्नड, एका अंगाला मराठी,
सून चिक्कोडीची, लेक दिलेली गडहिंग्लजला,
नंतर कुणाचा रुसवा नको.
कन्नड अंग एका दमात झालं.
मराठी ‘वास्तुशां’पाशी अडलंय.

जुना फॉन्ट नव्या विंडोजला चालत नाही.
नवा घालायचा तर आधी जुना काढा.
काढायचा तर बंद करा.
बंद केला,
तर म्हणतो मी चालू आहे.
कुठं चालू आहेस बाबा?
टास्क मॅनेजरच्या यादीत बोट फिरवत वरून खाली जाते,
नावं अशी, की एकाचीही ओळख लागत नाही,
ज्याला मारावं तो दुसराच निघतो, प्रिंटर रुसतो,
आणि घड्याळाशेजारी मुंगीएवढं ते चिन्ह
तसंच.

बाळेकुंद्री सरांनी घातला होता, सीडीवरून.
मशीनच्या पाठीत एक हिरवं कुलूप खोचलं
आणि म्हणाले, रेणुका, ह्याला हलवू नको.
सर गेले त्याला सहा वर्षं झाली.
कुलपावर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे,
शाई उडालीय, चिकटपट्टी तेवढी पिवळी पडून धरून आहे.

आतल्या खोलीत अप्पा झोपलेत.
चाळीस वर्षं मागावर काढली,
आता शेजारच्यांचे माग धडधडतात तेव्हाच त्यांना झोप लागते.
ते सांगायचे, बीम संपत आला
तर जुनं सूत कधी उपसून टाकू नये.
वही-फणीतनं एकेक तार परत ओवायची म्हणजे दोन दिवस गेले.
जुन्याची टोकं ठेवायची,
त्यांनाच नवी बांधायची, हजारो गाठी,
आणि मग जुनंच नव्याला ओढत आत घेऊन जातं.
एवढी अक्कल
त्या चौकटवाल्यांना कोण शिकवणार?

पुन्हा प्रयत्न करा.
केला.
पुन्हा.
मामा म्हणाले, तू त्याला काढालीस म्हणून त्याला कळलं असंल.

आणि हेस्कॉमची लाइट गेली.

गल्लीतले सगळे माग एका दमात थांबले.
यूपीएस एकदा चिरकला आणि मेला.
इतकी शांतता झाली की अप्पा दचकून उठले:
काय बंद पडलं गं?
सगळंच, अप्पा.
सगळं? असं म्हणून ते भिंतीला धरून दारापर्यंत आले,
बराच वेळ उभे राहिले, कान देऊन.
मामा मोबाइलच्या उजेडात
कन्नड अंगावरची स्वतःची इनिशियल तपासत होते.

वीस मिनिटांनी आली.
पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या घरचा माग, मग त्याच्या पलीकडचा,
मग कुठला कुठला ते कळेना. अप्पा आत जाऊन आडवे झाले.
मशीन उठलं. फाइल वाचली होती,
‘वास्तुशां’ तिथंच, एका पायावर.
आणि घड्याळाशेजारी, सगळ्यांच्या आधी जागा झालेला,
तो.
चौकट आली. मी वाचली नाही.

मामा, हातानं लिहिलेलं चालेल?
चालतंय की. वाचता आलं म्हणजे झालं.

कागद काढला. त्यावर छापलेलं ‘वास्तुशां’.
काळं पेन दोनदा झटकलं,
आणि ‘शां’च्या शिरोरेषेचं टोक जिथं संपत होतं
तिथंच निब टेकवून
‘ती’ काढायला घेतला.